काळ्या बैलाची कच्ची फाईल

माझ्या भावाचं नाक माझ्या फोटोमुळे मोडलं, असं माहेरी आजही सांगतात. नाक फोटोने मोडत नाही, लोखंडी खुर्चीने मोडतं, आणि ती खुर्ची कुणी उचलली हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. पण आमच्याकडची माणसं एकदा बोलायला बसली की त्यांना खुर्ची दिसत नाही, बाईच दिसते.

माझं माहेर वडूजच्या बाजूचं, कोरडवाहू. दिलं तासगावकडे, उसाच्या आणि द्राक्षांच्या घरात. पतसंस्थेच्या संगणकावर निम्मं आयुष्य घालवलं, मग नोकरी सोडली. मुलगा पुण्यात कामाला लागला, त्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला. म्हणाला, आई, मायणीच्या तलावावर पक्षी येतात, काढत बस. मी काढत बसले. काढता काढता असं कळलं, की कॅमेरा फोटो दोन तऱ्हांनी साठवतो. एक तयार फोटो, कॅमेऱ्याने आपल्या मनाने रंग भरून दिलेला. दुसरी रॉ फाईल, म्हणजे कच्ची. तयार फोटो म्हणजे भाजलेली भाकरी, तिचं परत पीठ होत नाही. कच्ची फाईल म्हणजे पीठच. ते घ्यायचं, लॅपटॉपवर मळायचं, हवं तसं थापायचं.

कच्ची फाईल पहिल्यांदा उघडली तेव्हा मी निराश झाले होते. मरगळलेले, फिकट रंग, जणू फोटोला ताप आलाय. पण सॉफ्टवेअरमधली सावल्या उजळायची पट्टी जराशी सरकवली आणि झुडपाच्या काळोखातून एक अख्खा बगळा बाहेर आला. तो तिथे होता हे मला काढताना माहीतही नव्हतं. त्या दिवसापासून मला वेड लागलं. शिवाय या सॉफ्टवेअरचा एक गुण मला फार आवडला. आपण जे फेरफार करतो ते मूळ फाईलला शिवत नाहीत. ते नुसत्या सूचना म्हणून बाजूला राहतात. कितीही उजळा, कितीही रंगवा, एक बटण दाबलं की मूळ जसंच्या तसं हजर. माणसांच्या बाबतीत ही सोय नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

नवरा आल्यागेल्याला सांगायचा, "आमच्या हिचं फोटू काढणं म्हंजे पापड लाटणं. एकेक फोटू दुपारभर लाटती." लोक हसायचे. मीही हसायचे. तोवर हसण्यासारखं होतं.

लॅपटॉपवर मी फोल्डर करून ठेवले होते. पक्षी, घर, गोठा. त्यात गोठा सगळ्यांत मोठा, आणि त्याला कारण काळा. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी माहेरी राहायला गेले होते. त्या दिवसांत भावाची गाय वितानाच गेली आणि काळंभोर वासरू मागे राहिलं. त्याला बाटलीने दूध मी पाजलं. ते माझ्या पदराला लुचायचं, मी ओरडायचे, ते पुन्हा लुचायचं. त्याचे ओल्या नाकाचे, लोंबत्या जिभेचे, पाय फाकून उभं राहायला शिकतानाचे किती फोटो काढले असतील त्याचा हिशेब नाही. काळ्या जनावराचा फोटो काढणं सोपं नसतं. उन्हात त्याचा नुसता काळा गोळा होतो. मला सावल्या उजळायला खरं तर त्या वासरानेच शिकवलं.

भाऊ माझ्यापेक्षा लहान, फौजेतून परतलेला, लग्नाच्या भानगडीत न पडलेला. त्याचा संसार म्हणजे तो काळा. स्वतः शिळं खाईल, पण बैलाला दूध, अंडी, खारीक. काळा मोठा झाला तसा भावाने त्याला शर्यतीला घातला. आमच्याकडे शर्यतीच्या बैलाला माणसाहून जास्त मान. इकडे माझ्या नवऱ्याचाही एक बैल होता, पांढराशुभ्र, तालुक्यात नावाजलेला. मेहुण्या-मेहुण्यांची धुसफूस आधीपासूनच होती. एका लग्नात, भर पंगतीत, ती उफाळली. आधी चेष्टा, मग टोमणे, मग दोघे ताटावरून उठलेच. आणि चार गावच्या लोकांसमोर पैज लागली. पुढच्या शर्यतीच्या मैदानात ज्याचा बैल हरेल, त्याने तो स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या दावणीला आणून बांधायचा.

"दाजी, बोलाय बोलला, आता फिरू नगा," भाऊ म्हणाला.

"मर्दाची जात हाय," नवरा म्हणाला. "तूच दावं वळून ठेव."

मी जिलेबी हातात धरून ऐकत होते. म्हणाले, "पैज तुमची, मिशा तुमच्या. बैलांना विचारलं का कुणी?" बाप्ये हसले आणि पुन्हा जेवायला बसले. मी जिलेबी ताटात परत ठेवली. काळा भावापासून तुटला तर भाऊ वेडा होईल हे मला माहीत होतं. उघडच सांगते, त्या मैदानात माझ्या नवऱ्याने हरावं असं मला मनापासून वाटत होतं.

बैलांची शर्यत लांबून बघणाऱ्याला खेळ वाटतो. निशाणापाशी, म्हणजे जिथे शर्यत संपते त्या रेषेपाशी, उभं राहून बघा. आधी जमीन हादरते. मग धुळीच्या भिंतीतून बैलांची तोंडं फुटून बाहेर येतात, डोळे पांढरे झालेले, फेस उडतोय, आणि मागे दोन चाकांच्या हलक्या छकड्यावर माणूस टांगल्यासारखा. सकाळच्याच एका फेरीत एक छकडा उलटला. हाकणारा आपल्याच चाकाखाली आला, आणि त्याला उचलून नेईपर्यंत पुढची फेरी सुटलीसुद्धा. त्याच्या पायाचं हाड बाहेर आलं होतं. माझ्या शेजारचा माणूस भेळ खात खात म्हणाला, "लय वंगाळ झालं," आणि भेळ संपवली. शर्यतींना परवानगी मिळाल्यापासून काठी, चाबूक, खिळा असल्या सगळ्या गोष्टींना बंदी आहे. बैलाला टोचताना, मारताना कुणी सापडला तर गाडी बाद. दर फेरीआधी भोंग्यावरून हे सांगत होते.

मी निशाणाजवळ एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जागा धरली होती. जमिनीवर पांढऱ्या फक्कीने रेषा मारलेली. शेवटची फेरी सुटली तेव्हा सूर्य पार कलला होता. अलीकडच्या पट्ट्यात भावाची गाडी, हाकायला तो स्वतः, आणि माझ्या बाजूच्या जुवाला काळा. जोडीतला दुसरा बैल शेजारगावचा, उसना. पलीकडच्या पट्ट्यात नवऱ्याचा पांढरा, हाकायला भाड्याचा गडी. मी बोट दाबून धरलं. कॅमेरा खटखटखटखट करत राहिला आणि दोन्ही गाड्या एकदमच रेषेवरून गेल्या. धूळ माझ्या तोंडात गेली.

पुढे कोण, ते कुणालाच कळलं नाही. दोन्हीकडून गुलाल उधळला गेला. पंचांचा स्वतःचा कॅमेरा होता, पण नेमक्या क्षणी झेंडा घेतलेला माणूस त्याच्यासमोर आडवा आला होता. पंच म्हणजे फुटक्या कानांचा एक जुना पैलवान. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर थांबली.

"आक्का, तुमच्यात आलंय का?"

"आलं असेल," मी म्हणाले. "पण ते नीट उघडून बघावं लागेल."

गाडीतून लॅपटॉप आणला. मांडवात टेबलावर ठेवला आणि त्याच्याभोवती एवढी माणसं दाटली की मला कोपरं आत ओढूनच बसावं लागलं. डावीकडे माझ्या माहेरची, उजवीकडे सासरची. भाऊ समोर, धुळीने पांढरा झालेला. नवरा हाताची घडी घालून पंचाच्या मागे. कार्ड घातलं आणि मधला फोटो उघडला.

आता इथे काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण पहिला ठोसा यावरूनच बसला. कच्ची फाईल उघडली की पहिल्यांदा दिसतो तो कॅमेऱ्याने आत चिकटवलेला तयार फोटो, झगझगीत आणि गडद. मग पापणी लवते न लवते तोच सॉफ्टवेअर खऱ्या कच्च्या मालावरून स्वतःचं चित्र उभं करतं. रंग फिके पडतात. भिंगामुळे कडेला आलेला बाक सरळ केला जातो, त्यात चित्र जरासं सरकल्यासारखं होतं. मला याची इतकी सवय की माझ्या लक्षातही येत नाही. पण त्या मांडवात सगळे डोळे फाडून बघत होते. पहिल्या झगझगीत चित्रात रेषेवर पांढरा बैल ठळक दिसला, काळ्याचं तोंड पलीकडच्या गर्दीच्या काळोखात बुडालेलं. सासरकडच्यांनी शिट्टी मारायला तोंडात बोटं घातली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत चित्र फिकं पडून सरकलं.

"बदाललं!" कुणीतरी ओरडलं. "आमचा बैल मागं घेतला हिनं!"

"मी हात तरी लावला का?"

"माहेरची वड हाय, आनि काय."

हे म्हणणाऱ्या माझ्या चुलत दिराच्या कानाखाली माझ्या भावाच्या मित्राने अशी लगावली की त्याची टोपी टेबलावर माझ्या पुढ्यात येऊन पडली. मग सदरे फाटले. एक जण माझ्या पाठीवर आदळला, मी लॅपटॉपवर ओणवी झाले आणि त्याला कोपराने मागे ढकललं. कोपर त्याच्या बरगडीत बसलं, आणि बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. पैलवान पंचाने दोघांच्या मानगुटी धरून त्यांची डोकी एकमेकांवर आपटली, तेव्हा कुठे शांतता झाली.

"गपा रं," तो म्हणाला. "बाई, तुमी सांगा. का हाललं ते?"

मी सांगितलं. भाकरीचं आणि पिठाचं सांगितलं. फाईल बंद करून पुन्हा उघडली, पुन्हा तसंच झालं. दुसऱ्या फेरीचा फोटो उघडला, तोही तसाच हलला. पंचाला पटलं. "बरं. आता काळ्याचं त्वांड कुटं हाय ते दावा."

मी सावल्यांची पट्टी धरली आणि सावकाश उजवीकडे नेली. काळोख राखाडी झाला. त्यातून आधी कान निघाले, मग कपाळ, मग ओलं नाक. ते नाक फक्कीच्या रेषेच्या हातभर पुढे होतं. पांढऱ्याचं नाक रेषेवर नुसतं टेकलेलं.

माहेरकडची माणसं उसळली. भावाला कुणीतरी खांद्यावर घेतला. तो रडत होता, नाक पुसत होता, आणि माझ्याकडे बघून हसला. मलाही रडू फुटलं. काळा भावाकडेच राहणार होता. मला हवं होतं ते माझ्याच हाताने झालं होतं, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

नवरा तेव्हा पहिल्यांदा बोलला. शांतपणे म्हणाला, "पंच, ही गाडी त्याचीच कशावरनं? काळी बैलं आज लय पळाली. नंबर वाचता येत न्हाई. फडकं बघा. त्याच्या गाडीला पिवळं व्हतं, ह्यात नारंगी दिसतंय."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मावळतीच्या उन्हाने सगळंच तांबूस झालं होतं. पंच म्हणाला, रंग खरा करता येतो का? येतो. त्याला फोटोतली एक अशी जागा लागते जी खरोखर पांढरी आहे हे आपल्याला ठाऊक असतं. तिथे क्लिक करायचं, म्हणजे सॉफ्टवेअरला कळतं की पांढरं ते हे, आणि बाकीचे रंग ते आपोआप जागेवर आणतं. मी चित्र पूर्ण दिसेल एवढं लहान केलं आणि फक्कीच्या रेषेवर क्लिक केलं.

फडकं पिवळं झालं. माती मातीच्या रंगाची झाली. आणि काळ्याच्या मांडीवर जो शेणामातीचा डाग वाटत होता, तो लाल झाला.

आधी मला वाटलं गुलाल असेल. पण गुलाल उडाला होता शर्यत संपल्यावर. मी तो भाग मोठा केला. सावल्या उजळलेल्याच होत्या, त्यामुळे सगळंच उजळलं होतं, नाकही आणि मांडीही. भाऊ छकड्यावरून पुढे झुकलेला, उजवी मूठ काळ्याच्या मांडीला टेकलेली, आणि मुठीतून लाकडाचं एक बोटभर टोक आणि त्याच्यापुढे एक खिळा. मागचा फोटो उघडला. त्यात खिळा कातडीच्या बाहेर. पुढचा उघडला. त्यात आत.

सगळे अजून नाकाबद्दलच भांडत होते. वर बघितलं तर एकटा भाऊ माझ्याकडे बघत होता. तो खांद्यावरून उतरला होता.

"आक्का," तो हळू म्हणाला, "बंद कर ते."

या क्षणाबद्दल मला पुष्कळांनी पुष्कळ शिकवलंय. बहीण म्हणून काय करायला हवं होतं, बायको म्हणून काय. मला तेव्हा बहीण-बायको काही सुचलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या मांडीवर मी गोमाश्या बसू दिल्या नाहीत, ती मांडी होती. मी लॅपटॉप गर्रकन फिरवून पंचाच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "नाक पुढेच आहे. पण ते कशाने पुढे आलं ते पण बघा."

पुढचं फार भराभर झालं. पंचाने पाहिलं आणि तो मागे सरला. भावाने टेबल उलथलं. लॅपटॉप खाली पडला, त्याच्यावर त्याने बुटाचा पाय दिला, एकदा, पुन्हा, पुन्हा. मी त्याचे केस धरले. त्याने मला ढकललं, मी खांबावर आपटले. तोवर सासरकडची माणसं त्याच्यावर तुटून पडली होती, आणि मांडवातल्या त्या लोखंडी खुर्च्या, ज्या घडी होतात, त्यांतली एक त्याच चुलत दिराने उचलली. भावाच्या तोंडावर ती बसल्याचा आवाज ओली फांदी मोडल्यासारखा आला. मग तो खाली होता आणि पाय वर-खाली होत होते. मजा म्हणजे मघाशी त्याला खांद्यावर घेणाऱ्यांतलेही दोघे त्यात होते. त्यांनी त्याच्या बैलावर पैसे लावले होते. मी किंचाळत होते, चावत होते, कुणाच्या तरी मनगटाला मी चावले त्याचे वण त्याने नंतर येऊन दाखवले. पोलिसांची गाडी आली तेव्हा भाऊ एका कुशीवर पडून तोंडातलं रक्त थुंकत होता आणि त्याचा डावा हात भलत्याच बाजूला वळला होता.

माझा नवरा इतका वेळ तिथेच होता. हाताची घडी त्याने सोडली नव्हती.

लॅपटॉप गेला. कार्डाचेही तुकडे झाले. पण माझ्या कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात आणि प्रत्येक फाईल दोन्हींवर जाते, हे भावाला कुठून माहीत असणार. पंचांनी ते दुसरं कार्ड दुसऱ्या दिवशी पाहिलं आणि भावाची गाडी बाद केली. पांढरा जिंकला. पैजेप्रमाणे काळा आमच्याकडे येणार होता. मी मनाशी म्हटलं, भाऊ तुटला तो तुटला, पण जनावर तरी सुटलं. आता ते माझ्या डोळ्यांसमोर राहील.

भाऊ शब्दाला जागला. हात गळ्यात बांधलेला, नाकावर पट्टी, टेम्पोतून काळ्याला घेऊन आला आणि स्वतः दावणीला बांधला. एका हाताने गाठ बसेना, तर दातांनी ओढली. मी चहा आणला. त्याने कपाला हात लावला नाही. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"आसं का केलंस रं?" मी विचारलं. मीही त्याच्यासारखंच बोलायला लागते त्याच्यापुढे.

"त्यो जाऊ न्हाई म्हून," तो म्हणाला. "आनि कशापायी?" मग टेम्पोत चढता चढता म्हणाला, "तुज्या दारात आलाय म्हंजे सुखात पडला, आसं समजू नगंस."

मला वाटलं, रागाने बोलतोय.

संध्याकाळी जेवताना नवरा फार गोड बोलत होता. भाजी चांगली झालीय म्हणाला, जे तो कधी म्हणत नाही. मग ताटात बघत बघत विचारलं, "आपल्या गोठ्यातलं काय काय काढलंयस तू फोटूत?"

"का?"

"काय न्हाई. नवा लॅपटाप घेऊ तुला. जुनं सगळं काढून टाक. उगं जागा आडवतं."

माणसाला उगाच जागेची काळजी वाटत नसते. मुलाने त्याचा जुना लॅपटॉप पाठवला, आणि घरातल्या डिस्कवर माझे सगळे फोल्डर होतेच. मी गोठा उघडला. बेंदराचे, बैलांच्या सणाचे फोटो होते. पांढऱ्याची शिंगं रंगवलेली, अंगभर गुलाबी ठिपके, पाठीवर झूल. गोड फोटो. नातेवाइकांनी कौतुक केलेले. काळ्या जनावराला उजळावं लागतं, पांढऱ्याला दाबावं लागतं. उन्हात पांढरं अंग इतकं झळाळतं की त्यावर काहीच दिसत नाही, नुसतं दुधाचं पातेलं. मी झळाळी कमी करायची पट्टी डावीकडे ओढली. कातडी दिसू लागली. मांडीवरचे गुलाबी ठिपके इतर ठिकाणच्या ठिपक्यांपेक्षा दाट होते, आणि प्रत्येकाच्या मधोमध एक बारीक गाठ. मी त्याच्याही आधीचे फोटो उघडले, न रंगवलेले. गाठीच गाठी. जुन्या, नव्या, काही अजून न भरलेल्या. मी त्या बैलाला रोज वैरण घालत होते आणि माझ्या उघड्या डोळ्यांना हे कधी दिसलं नव्हतं.

तेव्हा मला नवऱ्याची हुशारी कळली. भाऊ येडा, मैदानात टोचायला गेला. नवरा घरी टोचत होता, रोज, सराव घेताना, एका ठराविक जागी. मग मैदानात गड्याने तिथे नुसता अंगठा टेकवला तरी पांढरा जिवाच्या आकांताने पळायचा. कुठल्या पंचाला काय सापडणार. अंगठ्याला बंदी नाही.

मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून गोठ्याकडे गेले. दुपारची वेळ होती. नवऱ्याने काळ्याला जुवाला जोडलं होतं. मांडीवरची भावाने केलेली जखम अजून ओली होती, तिच्यावर हळद दिसत होती. हळद मीच सकाळी लावलेली. नवऱ्याने वर आढ्यात हात घातला आणि लाकडाचा एक गुळगुळीत तुकडा काढला. हाताळून हाताळून काळपट चकाकणारा. त्याच्या टोकाला खिळा.

"द्या इकडं," मी म्हणाले.

"तू घरात जा."

मी हात धरला. त्याने दुसऱ्या हाताने माझ्या थोबाडीत मारली. चष्मा उडाला, फुटला. एवढ्या वर्षांत त्याने हात उचलला नव्हता असं मी अभिमानाने सांगायचे, ते सांगणंही गेलं. मी त्याचं बोट धरून उलटं वाकवलं, तुकडा माझ्या मुठीत आला, आणि मी तो त्याच्या मांडीत घातला. चष्म्याशिवाय मला लांबचं दिसत नाही, जवळचं बरोबर दिसतं. भावाची मूठ जशी फोटोत होती तशीच माझी मूठ होती. खिळा पँटमधून आत गेला तेव्हा नवरा अशा आवाजात ओरडला की शेजारच्या मळ्यातली माणसं बांधावर आली. मी काढला आणि परत घातला. खोटं सांगत नाही, दुसऱ्या वेळी मला पहिल्यापेक्षा सोपं गेलं, आणि त्याचीच मला नंतर भीती वाटली.

तो गव्हाणीला धरून खाली बसला. पायातून रक्त येत होतं.

"हा बैल आजपासून पळणार नाही," मी म्हणाले. "पांढराही नाही. पळवलात तर ज्या ज्या मैदानाला जाल तिथे निशाणाजवळ मी बसलेली असेन. आणि बेंदराचे फोटो पंचांकडे आधी गेलेले असतील."

काळा जू झुगारून गव्हाणीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला होता, थरथरत. मी जवळ गेले तर तो माझ्या हाताकडे बघून मागे सरला. त्याला मी दोष देत नाही. हातात अजून तो तुकडा होता.

मग नवऱ्याला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात मीच नेलं, दुसरं कोण नेणार. चष्मा नव्हता म्हणून सावकाश चालवली. डॉक्टरांनी पँट कापली, जखमा पुसल्या, शेजारी शेजारी दोन भोकं बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"कशाने लागलं?"

"गोठ्यात खिळा लागला," नवरा भिंतीकडे बघत म्हणाला.

"धनुर्वाताचं इंजेक्शन देतो. खिळा गंजलेला होता का?"

तो मांडीवरचा कापूस दाबत बसला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणाले. "रोजच्या वापरातला आहे."